टाइम बीइंगचा बाजार

आमचा भाजीबाजार ज्या गावात भरतो त्याचं नाव मी सांगणार नाही. देवळीहून अल्लीपूरकडे निघालं की वाटेत कुठंतरी लागतं, एवढं पुरे. नाव सांगितलं तर तिथल्या नाल्याची उगाच जाहिरात व्हायची, आणि त्याची तेवढीही लायकी नाही.

नाला मात्र सांगते. अख्ख्या गावाचं सांडपाणी त्यात येतं. वरच्या बाजूला कोंबडीवाल्यांची दुकानं आहेत, ते पिसं आणि आतडी त्यातच लोटतात. पोरांचे वापरलेले डायपर फुगून तरंगत असतात. काठाला डुकरं लोळतात, आणि ऊन चढलं की काळ्या पाण्यावर जो फेस धरतो, तो आठवला तरी मला हातातला घास खाली ठेवावा लागतो. या नाल्याच्या काठावर बसून मी आणि माझी सासू शालूबाई दर शुक्रवारी पालक, मेथी, वांगी आणि सांबार विकत होतो. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. लोक ती कच्ची खातात, हे लक्षात ठेवा.

आम्ही तिथं जाऊन बसलो ते चार इंग्रजी शब्दांमुळं. फॉर द टाइम बीइंग.

त्याआधी बाजार मारुतीच्या देवळासमोर, मोठ्या निंबाखाली भरायचा. सावली होती, बाजूला हापशी होती, पालकावर शिंपडायला स्वच्छ पाणी होतं. एका शुक्रवारी भर बाजारात नगरपंचायतीचे साहेब आले. सोबत आमच्या वॉर्डाचे मेंबर मधुकरराव, पांढऱ्या कपड्यांत, दोन्ही हात जोडलेले. त्यांचे हात सहसा जोडलेलेच असतात. साहेबांनी सगळं भाषण मराठीत केलं. इथं मोठं व्यापारी संकुल होणार, खालच्या मजल्यावर भाजीवाल्या बायांसाठी पक्के ओटे, नळ, संडास. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग साहेब म्हणाले, "तेवढं काम होईस्तोवर तुम्हाला फॉर द टाइम बीइंग नाल्याकडच्या जागेत हलवतोय."

"काय म्हनते तो?" शालूबाईंनी मला विचारलं. मी बी.ए. झालेली आहे, त्यामुळं बाजारातलं सगळं इंग्रजी माझ्याकडं येतं. औषधाच्या बाटलीपासून मोबाइलच्या मेसेजपर्यंत.

"तूर्त म्हनते, आई. थोड्या दिवसाले."

"मंग मराठीत काऊन नाई म्हनला?"

त्याचं उत्तर मला आता सुचतं. मराठीत 'तूर्त' म्हटलं असतं तर एखादीनं तिथंच विचारलं असतं, तूर्त म्हणजे कधीपर्यंत? पोळ्यापर्यंत का होळीपर्यंत? इंग्रजीत म्हटलं की विचारायची सोय राहत नाही. विचारणाऱ्या बाईलाच वाटतं, आपल्याला कळलं नसेल. त्या चार शब्दांत सगळं काही आहे, फक्त 'पर्यंत' नाही. साहेब लोक हेच शब्द नेमके उचलतात, आणि कुठलीही घाण करायची झाली की तिच्यावर रुमालासारखे टाकतात.

आता दगडाचं सांगायला हवं. आमच्या बाजारात बाईची जागा दगडानं ओळखतात. नदीतून आणलेला काळा दगड, मांडीएवढा. तो जिथं, ती तिची जागा. बाई आजारी पडो, बाळंत होवो, चार बाजार चुकोत, दगड आहे तोवर तिथं दुसरी बसत नाही. दसऱ्याला त्या दगडाला हळदकुंकू लावायचं, वर आपट्याची पानं ठेवायची. आणि बाई थकली की सुनेला जागा देते. देणं म्हणजे काय, तर सुनेला आपल्या पोत्यावर बसवायचं, तागडी तिच्या हातात द्यायची आणि पहिलं गिऱ्हाईक बोहनी करेपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं. बोहनी झाली की जागा सुनेची. मग सासू घरी जाऊन खुशाल झोपू शकते.

शालूबाईंना ही जागा त्यांच्या सासूनं अशीच दिली होती. आता त्यांचे दोन्ही गुडघे गेले आहेत. ऑटोतून उतरताना त्या दाराला धरून आधी एक पाय खाली ठेवतात, मग थांबतात, मग दुसरा. त्या दसऱ्याला त्या मला जागा देणार होत्या. माझ्यासाठी हिरवं लुगडंही आणून ठेवलं होतं, मी पाचवारी नेसते हे माहीत असून. आणि दसऱ्याच्या आधीच हे टाइम बीइंग आलं.

"नाल्याकाठीच द्या ना आई," माझा नवरा कैलास म्हणाला. "तुमचे गुडघे पाहा. किती दिवस येसान?"

"नाल्याकाठी जागा देत नसते कोनी," शालूबाई म्हणाल्या. "तो उकिरडा हाय, जागा नाई. निंबाखाली गेलो का देतो. तवर मी येतो."

म्हणून त्या येत राहिल्या. आणि मला, खरं सांगते, त्या जागेशिवाय दुसरं काही नको होतं. शेत कैलासच्या नावावर, घर सासऱ्यांच्या नावावर. निंबाखालची ती पोतंभर जागा तेवढी बाईकडून बाईला यायची, आणि ती माझी व्हायची होती.

जाताना दगडांचा प्रश्न निघालाच. शालूबाईंनी सगळ्यांना बजावलं, दगड हलवायचा नाही, दगड नेला की जागा गेली. सगळ्या हो म्हणाल्या. साहेबही म्हणाले, राहू द्या, आम्हाला काही अडचण नाही. मग पत्र्याचं कुंपण लागलं. दगड आत, आम्ही बाहेर.

पहिल्या शुक्रवारी नाल्यावर कोणालाच जेवण गेलं नाही. बाया पदर नाकाला बांधून बसल्या. गिऱ्हाईक यायचं, एका हातानं रुमाल धरायचं, दुसऱ्या हातानं वांगी दाबून बघायचं आणि म्हणायचं, "बाई, वास येते, भाव कमी करा." जणू तो वास मी घरून शिजवून आणला होता. चिरलेल्या कोहळ्यावर माशा एवढ्या बसायच्या की फोड काळी दिसायची. घरी आल्यावर मी दोनदा आंघोळ करायची, डोक्यावरून. तरी रात्री उशीवर तोच वास. माझ्या केसांत तो होता की नाकात, मला आजही कळलेलं नाही.

पण माणसाची जात मोठी निगरगट्ट. महिन्याभरात पदर नाकावरून खाली आले. दोन महिन्यांनी डबे उघडले गेले. डुक्कर जवळ आलं तर "हाड" म्हणायचं आणि पुढचा घास घ्यायचा. नाल्यापेक्षा मला याची जास्त किळस आली. नाला तरी पहिल्या दिवशी होता तसाच होता.

आणि त्या शब्दांचं काय झालं बघा. बाजाराला तेच नाव पडलं. चौकातला ऑटोवाला ओरडायचा, "चला, टाइम बीइंग, टाइम बीइंग, दोन सीट." आमच्या शेजारी बसणारी अन्नपूर्णाकाकू तर ते तोंडात घोळवायलाच लागली. तिचा जावई चार दिवसांसाठी म्हणून आला होता, तो हलेना, तर म्हणाली, "आमचा जवाई टाइम बीइंग हाय माय." सगळ्या पोट धरून हसल्या. जी गोष्ट आपल्या डोक्यावर आणून बसवली, तिच्यावर हसता आलं की ती हलकी वाटते. मी हसले नाही. मला बाजारात सगळ्या घमेंडी म्हणतात, ते यामुळंच.

पाणी ही तिथली सगळ्यात वाईट गोष्ट. हापशी नाही, नळ नाही. पाला उन्हात मान टाकतो, त्याच्यावर पाणी मारावंच लागतं. शालूबाई घरून दोन कॅन आणायच्या, ऑटोवाल्याशी भांडून. बाकीच्या काय करतात हे मी बरेच दिवस बघितलं नाही. बघायचं नव्हतं म्हणून बघितलं नसेल. एका दुपारी अन्नपूर्णाकाकू उठली, सांबाराच्या जुड्या घेतल्या, चार पावलं वर गेली आणि नाल्यात वाकून त्या बुडवल्या. झटकल्या, आणल्या, रचून ठेवल्या. टवटवीत दिसत होत्या.

"काकू, हे काय करून राह्यल्या?"

"वर्षाली, वरच्या अंगाचं पानी साफ हाय. तिकडं घान कमी येते."

"कोंबडीवाले वरच हायेत ना."

"अवो, धुवून खातेच लोकं," ती म्हणाली, आणि एका बाईला दोन जुड्या दिल्या. त्या बाईच्या कडेवर लेकरू होतं. त्यानं एक काडी ओढून तोंडात घातली.

मी उठले, काकूच्या ढिगावर लाथ मारली. अख्खा ढीग नाल्यात गेला. मोठं भांडण झालं. माझी आई, माझी बी.ए., माझं माहेर, सगळं त्यात निघालं. शालूबाईंनी कोणाचीच बाजू घेतली नाही. त्यांनी आमची एक कॅन उचलून अन्नपूर्णाकाकूसमोर ठेवली आणि म्हणाल्या, "पुढच्या बाजारापासून मी तीन आनतो. हे पानी मार. पन हात नको घालू त्याच्यात." काकूनं पाणी घेतलं. पण पुढच्या बाजारी बाकीच्या बायांचे हात नाल्यात होतेच. किती जणींना कॅन पुरवणार?

मग दसरा आला, पहिला. नाल्यावर जागेवरून दर बाजाराला मारामाऱ्या होत होत्या. उंच, कोरडा तुकडा सगळ्यांना हवा. आज ही बसली, पुढच्या शुक्रवारी ती. कोणीतरी म्हणालं, दगडाशिवाय हे मिटणार नाही. मग बाया गेल्या, कुंपणाच्या चौकीदाराला हात जोडले आणि पत्र्यामागून आपापले दगड काढून आणले. दसऱ्याच्या सकाळी नाल्याच्या काठानं ओळीनं दगड मांडले होते. हळदकुंकू लावलेलं, वर पानं, काहींनी उदबत्तीही खोचली होती. उदबत्ती आणि नाला, दोन्हींचा वास एकात एक मिसळला होता. मी बाजूला जाऊन ओकले.

"तुमचाही आनू का शालूबाई?" अन्नपूर्णाकाकूनं विचारलं. ती मनानं वाईट नाही. मला राग येतो तो यामुळंच.

"नाई," शालूबाई म्हणाल्या. "माहा दगड माह्या जाग्यावर हाय. इथी मी पाहुनी हाय. अन् बायांनो, तुम्ही आपल्या हातानं जागा देऊन टाकली. कोनी मांगतली नवती."

कोणाला पटलं नाही. त्यांनी पूजा केली, सोनं वाटलं. शालूबाई दगडाशिवाय बसत राहिल्या, आणि दगड नाही म्हणून दर बाजाराला सरकत सरकत अगदी पाण्याच्या कडेला आल्या. मी त्यांच्या पलीकडून बसायची, म्हणजे पाय घसरला तर आधी मी.

पुढचा दसराही तसाच गेला. संकुल वर चढत गेलं. निंब मात्र पाडला. तो टाइम बीइंग नव्हता पाडला, कायमचाच पाडला. मग इमारतीला रंग लागला, आणि खालच्या मजल्यावर ओट्यांच्या जागी शटरं दिसायला लागली. एकामागं एक, निळी. एकावर मोबाइलच्या दुकानाची पाटी आली, एकावर केकच्या. केकचं दुकान मधुकररावांच्या साळ्याचं, असं गावात सगळेच उघड बोलत होते.

आम्ही पाच-सहा जणी मधुकररावांकडं गेलो. शालूबाई पायऱ्या चढू शकल्या नाहीत, खाली थांबल्या. मधुकरराव पोहे खात होते. हात जोडता येईनात म्हणून त्यांनी मान लववली.

"बसा, बसा. ओट्यांचं ना? ते होईल ना."

"कधी?" मी विचारलं.

त्यांनी चमचा ठेवला, मोबाइल काढला आणि एक फोटो दाखवला. दसऱ्याचा. नाल्याकाठी ओळीनं दगड, हळदकुंकू, उदबत्त्या. "हे कोनी मांडले ताई? मी? साहेबानं? तुमचा रिवाज मलाही मालूम हाय, माही आईही बाजारात बसे. दगड मांडला का जागा घेतली. तुम्हीच पूजा करून जागा घेतली, जबरदस्ती झाली का कोनावर? आता साहेब म्हनते, बाया तिथं खूश हायेत. मी काय बोलू?"

माझ्याशेजारी अन्नपूर्णाकाकू होती. तिचा चेहरा उतरला. मी तिच्याकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर काहीतरी वाईट बोलले असते. ज्या माणसाच्या आईचा दगड निंबाखाली होता, त्यानं आमचा रिवाज आमच्याच गळ्यात अडकवला होता. चोर परका असता तर एवढं घाणेरडं वाटलं नसतं.

"तवर फॉर द टाइम बीइंग राहा तिथंच," ते म्हणाले, आणि पुन्हा पोह्यांना लागले. त्यांच्या दाताला सांबाराचं पान चिकटलं होतं. ते पोहे कोपऱ्यावरच्या टपरीचे, आणि ती टपरी सांबार आमच्याच बाजारातून नेते. मी मनात खाऊ दे म्हटलं.

खाली शालूबाईंना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "माहा दगड तं हाय ना तठी." त्यांच्याकडं तेवढंच उरलं होतं. सगळ्यांनी दगड आणले, त्यांनी नाही. म्हणजे एक जागा अजून कोणी दिलेली नाही, असा त्यांचा हिशोब. मला तो हिशोब मोडायचं धाडस झालं नाही. पायासाठी जमीन उकरली गेली, फरशी बसली, दगड काय तिथं राहिला असेल?

तो मलाच सापडला. संकुलाचा मलबा ट्रॅक्टरनं आणून नाल्याच्या काठाला टाकत होते, काठ भरून काढायला. विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, निंबाची मुळं. एका शुक्रवारी बाजार उठल्यावर मी पोतं झटकत होते, तर पाण्याच्या कडेला गाळात अर्धा रुतलेला काळा दगड दिसला. एका अंगाला खोक होती. तागडीचं पारडं वर्षानुवर्षं टेकून पडलेली ती खोक मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते.

शालूबाई तिकडं ऑटोपाशी होत्या. मी चप्पल काढली आणि त्यात उतरले. गाळ पोटरीपर्यंत आला, कोमट होता. कशाकशाला पाय लागला ते सांगत नाही. दगडाखाली दोन्ही हात घातले, तेव्हा काहीतरी मऊ बोटांत आलं आणि फुटलं. मी तोंड मिटून घेतलं, श्वास कोंडला आणि दगड उपटून काढला. वर आले तेव्हा बाया माझ्याकडं बघत होत्या आणि त्यांनी नाकाला पदर लावले होते. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

शालूबाईंनी दगड बघितला. त्याच्या खोकेवरून बोट फिरवलं.

"तोही आला का इथं," त्या म्हणाल्या. मग ऑटोवाल्याला म्हणाल्या, "एक सीट जास्तीची धर, पन याले घरी न्यायचं हाय."

घरी त्यांनी तो स्वतः घासला. राखेनं, मग चिंचेनं, मग पुन्हा राखेनं. मी नको म्हणत होते, त्यांच्यानं खाली बसवत नाही. त्या बसल्या. माझे हात त्याआधी मी किती वेळा धुतले असतील, तरी जेवताना मी चमचा घेतला. शालूबाईंनी मात्र हातानं भाकरी मोडली आणि म्हणाल्या, "उद्घाटन कवा हाय म्हने?"

उद्घाटन शुक्रवारीच होतं, बाजाराच्या दिवशी. मुद्दाम ठेवलं होतं, गर्दी दिसावी म्हणून. मांडव, फुलं, कॅमेरेवाले. निंब होता तिथं आता गाड्यांसाठी पार्किंग, पांढऱ्या रेघा मारलेलं. ऑटो थेट तिथं नेला. कैलास दगड उतरवून गेला आणि लांब जाऊन उभा राहिला. त्याला अशा गोष्टींची लाज वाटते. नाल्याकाठच्या लाजेची त्याला सवय झाली होती, ती वेगळी.

शालूबाई माझा खांदा धरून फरशीवर फिरल्या. समोर मारुतीची घंटा दिसली पाहिजे आणि उजव्या हाताला गिरणीचं दार. दोन पावलं मागं, एक पाऊल बाजूला. "इथी," त्या म्हणाल्या. दोन पांढऱ्या रेघांच्या बरोबर मधे. पोतं टाकलं, दगड ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं. मी ते हिरवं लुगडं नेसून गेले होते. त्यांनी मला पोत्यावर बसवलं, तागडी हातात दिली आणि माझ्या मागं उभ्या राहिल्या. त्यांचे गुडघे माझ्या पाठीला लागत होते. समोर पालक, मेथी आणि सांबाराच्या जुड्या होत्या, घरच्या विहिरीच्या पाण्यानं धुतलेल्या.

मी अन्नपूर्णाकाकूला आदल्या दिवशी फोन केला होता, सगळ्यांना दगडांसकट घेऊन ये म्हणून. ती म्हणाली होती, "येतो ना." कोणीच आलं नाही. नंतर कळलं, काठावरचा दगड उचलून आणला तर आपला कोरडा तुकडा दुसरी घेईल, या भीतीनं एकीनंही दगड हलवला नाही. नाल्याच्या काठासाठी. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण नुसती शिसारी आली, आणि ती अजून गेलेली नाही.

गिऱ्हाईकही येईना. लोक मांडवाकडं जाताना बघायचे आणि पुढं जायचे. बोहनी झाल्याशिवाय शालूबाई बसणार नव्हत्या, आणि त्यांना फार वेळ उभं राहता येणार नव्हतं. "आई, टेका जरा," मी म्हटलं. "तू समोर पाह्य," त्या म्हणाल्या.

मग मधुकरराव आले. कोणीतरी जाऊन सांगितलं असणार. सोबत संकुलाचा नवा चौकीदार चंदन, निळ्या गणवेशात, आणि मागं मागं दोन कॅमेरेवाले. कॅमेरे दिसल्यावर मधुकररावांचे हात आपोआप जोडले गेले.

"काकू, हे पार्किंग हाय ना. गाड्या येतीन. तुम्ही फॉर द टाइम बीइंग तिकडं..."

"उठतो ना भाऊ," शालूबाई म्हणाल्या. "बोहनी नाई झाली. बोहनी कराल तं उठतो."

ज्याची आई बाजारात बसायची, त्याला हे कळायला हवं होतं. कळलंही असतं, पण कॅमेरेवाल्यांपैकी एक म्हणाला, "साहेब, भाजी घेतानाचा एक फोटो मस्त येईल." मधुकरराव खाली वाकले, हसले, सांबाराची जुडी उचलली आणि माझ्या हातात दहाची नोट दिली. फोटो निघाला. मी नोट कपाळाला लावली.

"झालं," शालूबाई माझ्या मागून म्हणाल्या, हळूच. त्यांचा हात माझ्या डोक्यावर क्षणभर टेकला. "जागा तुही." मग त्या कैलासचा हात धरून ऑटोत जाऊन बसल्या. त्यानंतर त्या बाजारात आलेल्या नाहीत. दुपारी घरी झोपतात, खुशाल.

मधुकरराव वळले. कॅमेरे मांडवाकडं गेल्यावर त्यांनी ती जुडी नव्या कचराकुंडीत टाकली आणि बोटं रुमालाला पुसली. नाल्याची समजले असतील. त्या गावात तेवढा एकच सांबार स्वच्छ होता, आणि तो त्यांनी फेकला.

मग त्यांनी चंदनला मान हलवून खूण केली, हटव म्हणून, आणि निघून गेले. चंदन पुढं आला. आधी दगडाकडं हात नेला. हळदकुंकू बघून थांबला. हात मागं घेतला, चप्पल काढली, दगडाला नमस्कार केला. मग चप्पल घातली आणि मला म्हणाला, "ए बाई, ऊठ."

मी उठले नाही; उठतो म्हणाल्या होत्या त्या शालूबाई. तेव्हापासून मी दर शुक्रवारी तिथंच बसते. दगड हप्ताभर तिथंच असतो. मोठमोठ्या गाड्या येतात, रेघेत शिरतात, दगडावरचं कुंकू दिसलं की मागं घेतात आणि बाजूला लावतात. केकच्या दुकानातून निघालेल्या बाया जाता जाता त्याला हात लावून कपाळाला लावतात. मागच्या महिन्यात कोणीतरी त्याच्यावर नारळ फोडून गेलं. त्याला उचलायची कोणाची छाती होत नाही. मला मात्र सगळेच उचलायला येतात. चंदन येतो, साहेबांचा माणूस येतो, एकदा मधुकरराव स्वतः आले, हात न जोडता. दगडाला नमस्कार करतात आणि मग माझ्याकडं वळून विचारतात, बाई, तू इथं कधीपर्यंत बसणार आहेस?

मी इंग्रजीत उत्तर देते.